घडीबाई आणि लिफ्टची नोंदपेटी

घडीबाईचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपुस्तकात आहे, पण तिथवर कुणी जात नाही. दुकानातली पिशवी हातात आली, की ती रिकामी व्हायच्या आधीच हिची बोटं घडीची जागा शोधायला लागतात. पिशवीचा चौकोन होतो, चौकोनाचा त्रिकोण होतो, आणि शेवटी तळहातावर उरतं पोस्टाच्या तिकिटाएवढं काहीतरी. उलगडलं की त्यात पुन्हा पाच किलो बटाटे मावतात. नवरा आल्यागेल्याला सांगतो, "हिच्यासमोर फार वेळ स्वस्थ बसू नका. घडी करून कपाटात ठेवेल."

हे खूळ लहानपणचं. पाच भावंडं, दोन खोल्या, एक कपाट. प्रत्येकाला एकेक खण, तोही वीतभर उंचीचा. थोरला भाऊ आपले कपडे त्यात कोंबायचा आणि दार गुडघ्याने लोटून बंद करायचा. सकाळी शर्ट बाहेर यायचा तो कुणीतरी रात्रभर चघळल्यासारखा. आईने मुलांना एकदाच सांगितलं होतं, "कोंबलंत तरी मावेल. पण काढताना जसंच्या तसं निघालं पाहिजे. नाहीतर ठेवता कशाला?" भावाने ऐकलं नाही. घडीबाईने इतकं ऐकलं, की पुढे त्याच्यावरच पोट भरलं.

आधी टायपिंगचा क्लास झाला. मग एका कचेरीत संगणकात आकडे भरायची नोकरी. तिथे कंटाळा आला म्हणून हा डबा आतल्या आत एवढं सगळं लक्षात कसं ठेवतो, याची तिने चौकशी सुरू केली. एकाला विचार, दुसऱ्याकडून पुस्तक आण, तिसऱ्याचा बिघडलेला संगणक उघडून बस. चौकशी इतकी वाढली की शेवटी नोकरीच बदलली. गेली अकरा वर्षं ती लिफ्टची कंट्रोल पॅनेलं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात प्रोग्राम लिहिते. त्या पॅनेलांमधली मेमरी आजच्या मानाने अगदीच चिमूटभर. म्हणजे कपाट बदललं, खण वीतभरच राहिला.

घडीबाई राहते त्या इमारतीच्या लिफ्टचं पॅनेलही याच कारखान्याचं. आणि गोष्ट घडली ती घरच्याच लिफ्टची.

घर आठव्या मजल्यावर. घरात नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे जिन्याचं नुसतं नाव काढलं तरी कुरकुरतात. त्यांचा दिवस सकाळी सुरू होत नाही, दुपारी चारला होतो. चारला चप्पल, चार-दहाला लिफ्ट, सव्वाचारला फाटकाजवळचा बाक. तिथे शेजारच्या इमारतीतली मैत्रीण आधीच येऊन बसलेली असते. सहापर्यंत दोघी जगाचा निकाल लावतात, मग लिफ्टने वर.

दोन महिन्यांपूर्वी ही लिफ्ट झटके द्यायला लागली. चांगली उतरता उतरता मध्येच गचका, एक श्वासभर थांबायचं, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे. हे रोज नाही, दोन-तीन दिवसांतून एकदा. "माझं पोट आधी पोचतं," सासूबाई म्हणाल्या, "आणि मी मागाहून जाते."

चौथ्या मजल्यावर इमारतीचे सेक्रेटरी राहतात. निवृत्त गृहस्थ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी "म्हणजे कसं आहे ना". फिरायला जायची वेळ इतकी ठरलेली, की ते फाटकाबाहेर पडले की रखवालदार आपलं घड्याळ सव्वाचारला लावतो. त्यांनी तळमजल्यावर कागद चिकटवला. झटक्याचं कारण पुढच्या रविवारच्या सभेपर्यंत सापडलं नाही, तर लिफ्ट बंद करून नवी बसवायची. काम अंदाजे चार महिने.

सासूबाईंनी चष्मा वरखाली करून कागद दोनदा वाचला. "चार महिने?" त्या म्हणाल्या. "मग मला कुंडीतच लावा. आठवणीने पाणी घालत जा."

हसले सगळे. पण त्या रात्री जेवताना सासूबाई एकदाही बाकावरचं काही बोलल्या नाहीत, आणि ते घडीबाईच्या लक्षात आलं.

मेकॅनिक काही नवखा नव्हता. बोलावलं की येई, पण दुसऱ्या दिवशी. गच्चीवरच्या खोलीत जाई, केबल लावी, नोंदी बघी आणि खाली येऊन सांगे, "वहिनी, काही नाही. शहाण्या मुलासारखी चाललीय. मशीन खोटं बोलत नाही."

मशीन खोटं बोलत नव्हतं, विसरत होतं. पॅनेलशेजारी एक नोंदपेटी असते. ती लिफ्टला काही सांगत नाही, फक्त ऐकते आणि सेकंदाला दहा वेळा लिहिते. लिफ्ट किती उंचीवर, वेग किती, मोटर किती वीज ओढतेय, कोणत्या मजल्याच्या दाराचं कुलूप लागलेलं आणि कुणाचं उघडं. मेमरी भरते तीन तासांत. भरली की सगळ्यात जुनं पुसायचं आणि त्यावर नवं लिहायचं. झटका दुपारी चारचा, मेकॅनिक दुसऱ्या दिवशी अकराचा. तोवर तो झटका सहा वेळा पुसला गेलेला.

"मग मोठी मेमरी बसवा ना," नवरा म्हणाला.

"त्या पेटीत बसेल अशी मोठी कुणी बनवतच नाही आता."

"मग?"

घडीबाई जेवणाच्या टेबलावरच्या पिशवीची घडी घालत होती.

कारखान्याच्या मालकांनी "कर काय ते, पण लिफ्टला हात लावू नको," एवढंच सांगितलं. तिने तीन तासांच्या नोंदी घरी आणल्या आणि ती वाचत बसली. एक लाख आठ हजार ओळी! दुसरं कुणी असतं तर जांभई देऊन उठलं असतं. घडीबाईचे डोळे मात्र लकाकायला लागले. लिफ्ट दिवसभर करते काय? उभी राहते! तीन तासांतले दोन तास दहा मिनिटं ती कुठल्या ना कुठल्या मजल्यावर नुसती उभी होती, आणि पेटी बापडी दर सेकंदाला दहा वेळा लिहीत होती, उभी आहे, उभी आहे, उभी आहे. अठ्ठ्याहत्तर हजार ओळी उभी आहे! त्याऐवजी एकदा नीट लिहायचं आणि पुढे फक्त "वरीलप्रमाणे, इतक्या वेळा". पहिली घडी पडली.

मग चालत्या लिफ्टचे आलेख. आठव्यावरून तळाला जातानाच्या दोन फेऱ्यांचे कागद तिने खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. जुळी भावंडं! एखाद्या ठिकाणी तीनचा फरक, कुठे चारचा. मग प्रत्येक फेरी पहिल्यापासून कशाला लिहायची? एक नमुना फेरी ठेवायची आणि बाकीच्यांचा फक्त नमुन्यापासूनचा फरक. फरक एवढासा, त्याला खणही एवढासा पुरतो. ही दुसरी घडी.

तिला याचं इतकं नवल वाटलं, की ती जेवायचं विसरून फरकच वाचत बसली. "दोन पन्नासला कुणीतरी बरंच वजनदार माणूस आठव्यावर आलंय."

"मी आलो होतो," नवरा म्हणाला. "आणि वजनदार वगैरे मशीन म्हणालं की तू?"

कारखान्यात सगळ्यात जुने एक इंजिनिअर आहेत. शिकवल्याशिवाय त्यांना चहा जात नाही, म्हणून त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. खूप वर्षांपूर्वी एका पाचमजली इमारतीतली लिफ्ट आपण दोनशेव्या मजल्यावर आहोत असं कळवायला लागली होती. सेन्सर खुळावला होता, दुसरं काही नाही. तेव्हापासून कारखान्यात गुरुजींचा कायदा चालतो, आकड्याने एकदम उडी मारली की समजायचं सेन्सर खुळावला, आणि ती नोंद टाकून द्यायची. ते हा कायदा दोनच शब्दांत सांगतात, हातातली माशी उडवल्यासारखे. "टाकून दे!"

घडीबाईनेही तसंच केलं. फरकाच्या खणात सोळा खुणा मावत होत्या. उणे सातपासून अधिक सातपर्यंत पंधरा झाल्या. सोळावी उरली, तिचा अर्थ तिने ठरवला, "खुळी नोंद, टाकली, वरीलप्रमाणे समजा." घडी घालायला वेळही थोडाच होता, कारण एक दशांश सेकंद संपला की पुढची नोंद दारात उभी. तिची घडी त्याच्या निम्म्या वेळात पडत होती. आणि हिशेब केला तेव्हा तिने तो तीनदा केला. तीन तासांच्या जागेत नऊ दिवस!

सोमवारी मेकॅनिकने नवा प्रोग्राम पेटीत घातला. बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी लिफ्टने गचका दिला. आत सासूबाई होत्या, आणि त्यांनी कळवळायच्या आधी घड्याळ बघितलं, कारण सूनबाईने तसं सांगून ठेवलं होतं.

मेकॅनिक त्याच संध्याकाळी नोंदी घेऊन आला. घडीबाईने चार-दहा उलगडलं. सायीसारखं गुळगुळीत. गचका नाही, धक्का नाही, काही नाही.

"मशीन खोटं बोलत नाही, वहिनी," मेकॅनिक म्हणाला.

"म्हणजे मी बोलते?" सासूबाईंनी विचारलं.

मेकॅनिकला एकाएकी आपल्या केबलची गाठ फार महत्त्वाची वाटायला लागली. तो निघून गेला. सासूबाई सुनेकडे बघत राहिल्या. त्यांना नवी लिफ्ट, जुनी लिफ्ट यातलं काही नको होतं. सून काय म्हणते एवढंच हवं होतं. आणि सून कागदाकडे बघत होती.

"बरं," म्हणून सासूबाई उठल्या आणि नेहमीसारखा धाकट्या बहिणीला फोन लावला. घडीबाई आतल्या खोलीत धुतलेले कपडे आवरत होती. दार उघडं होतं.

"हं, मी बोलतेय. सोमवारी ना? तेच गं. मंगळवार? तोही तेच. आज मात्र ऐक. लिफ्टमध्ये शिरले, डाव्या हातात पिशवी, उजव्या हातात किल्ली. पाचवा मजला गेला. चौथा येतो न येतो, तोच दाण्णकन! किल्ली पडली, पिशवी आरशावर, आणि मी अशी वाकडी, अशी! दिवा लुकलुकला. मग एक दीर्घ श्वास सोडल्यासारखा आवाज, आणि निघाली आपली… काय म्हणतेस? सोडून देऊ? आता टाकून कसं देऊ? तेवढंच तर सांगायला फोन केला ना! बाकी सगळं तेच होतं."

घडीबाईच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीवर थांबला.

दोन अख्खे दिवस एका 'तेच'मध्ये बसवले होते या बाईने. आणि चार सेकंदांसाठी किल्ली कुठल्या हातात, पिशवी कुठल्या हातात, सगळं जसंच्या तसं! ती घडीबाईपेक्षा पक्की घडी घालत होती, आणि जे घडीत बसणार नाही ते कोंबत नव्हती, फेकतही नव्हती.

ती टॉवेल तसाच टाकून कागदाकडे धावली. चार-दहा. लिफ्ट चालतेय, उंची प्रत्येक ओळीला कमी होतेय, आणि मध्येच चाळीस ओळी "वरीलप्रमाणे". चालत्या लिफ्टमध्ये वरीलप्रमाणे? उंची जागच्या जागी? सोळावी खूण! गचक्यात आकडे सातच्या पलीकडे उडाले होते, आणि तिच्याच प्रोग्रामने ते शहाणपणाने फेकून देऊन वर इस्त्री फिरवली होती.

ती बाहेर आली. "आई, झटका होता. मीच टाकून दिला."

"मला ठाऊकच होतं," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "म्हणजे टाकलास तो तू, हे ठाऊक नव्हतं. पण होता हे ठाऊक होतं."

गुरुवारी सकाळी कारखान्यात तिने गुरुजींना गाठलं.

"सोळावी खूण बदलतेय. तिचा अर्थ आता 'टाकली' नाही. 'पुढची नोंद घडी न घालता अख्खी लिहिली आहे', असा अर्थ."

गुरुजींनी कप खाली ठेवला. "मग खुळ्या सेन्सरची बडबडही अख्खी लिहिली जाईल. जागा खाईल."

"खाईल. नऊ दिवसांचे सहा होतील."

"आणि त्या बडबडीचं करणार काय?"

"वाचताना टाकू, गुरुजी. ठेवताना नाही."

गुरुजींचा हात माशी उडवायला उठला होता, तो अर्ध्यावरच राहिला. त्यांनी काही न शिकवताच चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "दोनशेव्या मजल्याचीही नोंद ठेवायला हवी होती म्हणजे. कोण जाणे, काय होतं ते."

दुपारी तीनला नवा प्रोग्राम पेटीत गेला. सभा रविवारी दहाला. आता हवा होता फक्त एक झटका, आणि मागितला तर देईल ती लिफ्ट कसली! शुक्रवारी सासूबाई निमूट खाली गेल्या आणि निमूट वर आल्या. शनिवारी सकाळी त्या मैत्रिणीला घेऊन लिफ्टमध्ये चढल्या आणि दोघींनी अकरा फेऱ्या मारल्या. वर, खाली, वर, खाली. मधल्या मजल्यांवरची माणसं दार उघडून आत बघत आणि "पुढच्या वेळी येतो" म्हणत मागे सरत. झटका नाही. "पाहुणे आले की मूल कसं गुणाचं होतं, तसं झालंय हिचं," मैत्रीण म्हणाली.

दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी मात्र घरातला फोन वाजला. सासूबाई खालून, रखवालदाराच्या फोनवरून ओरडत होत्या, "बसला! बसला! चांगला सणसणीत बसला!"

"अभिनंदन," नवरा म्हणाला.

मेकॅनिकने नोंदी आणल्या. घडीबाईने उलगडल्या. लांबच लांब वरीलप्रमाणे, बारके बारके फरक, आणि मध्ये ठळक, अख्ख्या चाळीस ओळी. मोटरची वीज एकदम शून्य. आणि त्यांतल्या पहिल्या चार ओळींत चौथ्या मजल्याच्या दाराचं कुलूप उघडं. कुठलंही कुलूप उघडं दिसलं की लिफ्टने तिथल्या तिथे थांबायचं, हा सुरक्षेचा नियम. लागलं की पुन्हा निघायचं. म्हणजे लिफ्ट दोषी नव्हतीच, नियम पाळत होती!

आणखी मागे गेल्यावर तिला तशाच चाळीस ओळी दुसऱ्या ठिकाणी मिळाल्या. शुक्रवार, चार वाजून अकरा. तेव्हा लिफ्ट रिकामीच वर चालली होती, म्हणून कुणाला कळलंच नाही.

"पण चालत्या लिफ्टचं कुलूप उघडतं कसं?" मेकॅनिक पुटपुटला.

दोघं चौथ्या मजल्यावर उतरले. बाकी सगळ्या मजल्यांवर लिफ्टच्या दाराचा दांडा काळवंडलेला. इथला मात्र रोज घासल्यासारखा लख्ख. मेकॅनिकने तो धरून जरा जोरात ओढला. आत काहीतरी खट्ट वाजलं. "सैल झालंय," तो म्हणाला. "कुणी हिसका दिला की क्षणभर सुटतं."

घडीबाईने समोरच्या दारावरची पाटी वाचली. मग घरी येऊन त्या नोंदींचा कागद छापला.

सभेत आलेला प्रत्येक कागद सेक्रेटरी स्वतः, उभं राहून, मोठ्याने वाचतात. घडीबाईने कागद चार घड्या घालून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलगडला, घसा साफ केला.

"म्हणजे कसं आहे ना, आपल्याकडे नोंदी आलेल्या आहेत. शुक्रवार, चार वाजून अकरा मिनिटे, चौथा मजला, दाराचं कुलूप उघडं. शनिवार, चार वाजून बारा मिनिटे, चौथा मजला, दाराचं…" आवाज पाचव्या मजल्यापर्यंत बरा होता, चौथ्यावर गचका बसला. रखवालदाराने उगीचच आपल्या घड्याळाकडे बघितलं. मग हळूहळू सगळ्यांनीच बघितलं.

"म्हणजे कसं आहे ना," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला. "ती… बटण दाबलं तरी समोरून निघून जाते हो. थांबत नाही. मग मी जरासा दांडा ओढतो. जरासाच."

"अहो, लिफ्ट आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "बस आहे का, हात दाखवून थांबायला?"

सभा इतकी हसली की शेवटी सेक्रेटरीही हसले. ज्याने त्याने त्यांच्या हिसक्याची नक्कल करून घेतली. तळमजल्यावरचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. सवयीने चुरगाळायला निघाले, तर घडीबाईने तो मागून घेतला. पाठकोरा होता.

सोमवारी मेकॅनिकने चौथ्या मजल्याचं कुलूप बदललं. लिफ्ट एक ते अडीच बंद होती. चारला सासूबाईंनी चप्पल घातली.

रात्री त्यांनी बहिणीला फोन लावला. सभेचं पुराण आदल्या दिवशीच झालं होतं, किल्ल्यांच्या जुडग्याच्या आवाजासकट, पाऊण तास. आज काय नवीन, असं तिने विचारलं असावं.

"आज?" सासूबाई पाय पसरून बसत म्हणाल्या. "आज काही नाही गं. तेच."

आतल्या खोलीत घडीबाईने टॉवेलची घडी पुरी केली आणि खणात ठेवली.